पोरांच्या शिडाच्या बोटी आणि ट्रेकिंगच्या ग्रुपला खरा पुरस्कार कुठला? कोल्हापूरकर, जरा सांगा

तलावकाठचा_वारा:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा. आमचा कोल्हापुरात आठवी ते बारावीच्या पोरापोरींचा ग्रुप आहे, 22 जण. रविवारी कधी मसाई पठार, कधी राधानगरीकडं, आणि गेली दोन वर्षं रीतसर परवानगी काढून एका तलावावर शिडाच्या बोटी शिकवतोय. बोटी दोनच, जुन्या ऑप्टिमिस्ट, म्हणजे एकट्या पोरानं चालवायची साडेसात फुटी छोटी बोट. पण पोरं अशी तयार झाल्यात की बोट उलटली तरी घाबरत नाहीत, खालच्या फळीवर भार देऊन सरळ करतात, आत चढतात, पाणी उपसतात आणि परत शीड ओढून चालू.

तर गेल्या महिन्यात एक फोन आला, तुमच्या ग्रुपला राज्यस्तरीय पुरस्कार जाहीर झालाय, फक्त नोंदणीचे 5 हजार भरा, फेटा शाल ट्रॉफी सगळं मिळंल. पोरांना कुठनं तरी कळलं आणि ती खाऊचे पैसे गोळा करायला लागली. ते बघून माझ्या पोटात तुटलं. मी नाही म्हणून सांगितलं, पोरं दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीत. एका पोराची आई तर म्हणाली, सर ह्या बोटीचं पुढं काय, कुणी विचारतंय का ह्याला. मला पोरांना खरं काहीतरी मिळवून द्यायचंय. कुठं अर्ज करू?

सह्याद्रीवेडा_कोपू:
सर, नाही म्हटलासा ते एकदम बरोबर केलासा. जो पुरस्कार तुमचं काम बघायच्या आधी पैसे मागतोय त्याला पुरस्कार म्हणायचंच नाही.
आता खरं बघायचं तर जिल्हा युवा पुरस्कार बघा. त्यात दरवर्षी एक युवक, एक युवती आणि एक संस्था निवडतात, संस्थेला 50 हजार, युवक युवतीला 10-10 हजार. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. पण संस्था नोंदणीकृत पाहिजे, आणि तुम्ही लिहिलंय 'ग्रुप', म्हणून विचारतो, नोंदणी झालीय का? नसली तर आधी ती करा. शिवछत्रपती पुरस्कारात साहसी उपक्रमाचा गट आहे, केंद्राचा तेनझिंग नोर्गे साहस पुरस्कार आहे, त्यात जमीन, पाणी, हवा आणि जीवनगौरव असे चार प्रकार. तारिणी बोटीतनं 254 दिवसांत पृथ्वीची फेरी मारून आलेल्या नौदलाच्या सहाजणींना 2017 चा तोच मिळाला. पण हे दोन्ही एकेका माणसाच्या कामगिरीचे, ग्रुपचे नव्हेत. पोरांना गोष्ट म्हणून जरूर सांगा, अर्ज आत्ता नको.
आणि एक, साहसी उपक्रमांसाठी राज्याचं 2021 चं धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी असते, ते तुम्हाला कितपत लागू होतंय ते विचारून घ्या. पाण्याचा खेळ आहे सर, उद्या कुणी विचारलं तर कागद हातात पाहिजे.

व्हेलरवाली:
मी मूळची कोल्हापूरची, कॉलेज रत्नागिरीला केलं आणि तिथं एनसीसीत होते, नेव्हल युनिटमध्ये. तिथं एक मोहीम असते, आम्ही सगळे मेनू म्हणायचो, म्हणजे सगळ्यात धडाडीचं नेव्हल युनिट कुठलं ते ठरवायची देशभरातल्या युनिटांची स्पर्धा. व्हेलर बोटी घेऊन दिवसच्या दिवस शिडावर जायचं, वारा पडला की वल्ही मारायची, हाताला फोड येतात, संध्याकाळी किनाऱ्यावर मुक्काम. ते कौतुक एकाचं नसतं, अख्ख्या युनिटचं असतं, आणि मला वाटतं तुमच्या पोरांना तेच हवंय. कॉलेजात गेल्यावर त्यांनी नेव्हल विंग नक्की बघावी.
पण मला खरं सांगायचंय ते लॉगचं, म्हणजे मोहिमेच्या नोंदवहीचं. रोज वारा कुठला, किती वाजता निघालो, कोण सुकाणूवर, काय चुकलं, सगळं लिहायचो. तेव्हा कंटाळा यायचा. आज माझ्याकडं एक मेडल आहे आणि एक वही आहे, आणि घर बदलताना मी आधी वही उचलली.

शाळामास्तर_करवीर:
तलावकाठचे सर, तुम्ही पुरस्कार 'मिळवून देणार' म्हणताय. असाही एक आहे जो पोरं स्वतः कमावतात. ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार, 1956 साली इंग्लंडात राणीच्या नवऱ्यानं, प्रिन्स फिलिपनं सुरू केलेला, आता बऱ्याच देशांत चालतो, भारतातही. वय 14 ते 24, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. कुणाशी स्पर्धा नाही, पहिला दुसरा नंबर नाही. ब्राँझला किमान सहा महिने दर आठवड्याला थोडा वेळ सेवा, एखादं कौशल्य, शारीरिक खेळ, आणि एक साहसी प्रवास, दोन दिवस एक रात्र. तो पोरांनीच आखायचा, मोठ्यांनी लांबनं लक्ष ठेवायचं. शिडाची बोट तुमच्याकडं आहेच, आणि प्रवासाला पन्हाळा ते पावनखिंड आहे की! मसाई पठार, कुंभारवाडी, करपेवाडीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी आंबेवाडीवरनं खिंड. मी पोरं घेऊन गेलोय, जुलैत चिखल गुडघ्याएवढा आणि जळवा, पण खिंडीत उतरल्यावर पोरं आपोआप गप्प होतात.
नोंदणी मात्र ज्या शाळेत किंवा संस्थेत ह्या पुरस्काराचं केंद्र आहे तिथूनच होते, आणि फी असते हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल इथंही पैसेच. फरक एवढाच की फी भरून काही मिळत नाही, तास पुरे केले तरच मिळतं.

तलावकाठचा_वारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदणीचे कागद अर्धवट पडलेत, ते ह्या आठवड्यात बघतो. मास्तर, तुमची गोष्ट पोरांना वाचून दाखवली. आठवीतली दोघं 14 ची झाली नाहीत म्हणून हिरमुसली, बाकीच्यांनी पावनखिंडीचा नकाशा काढायला घेतलाय.
ताई, वही आजपासनं सुरू केली. पहिलं पान सगळ्यात लहान पोरीनं लिहिलं, "वारा पश्चिमेचा. बोट दोनदा उलटली. दोन्ही वेळा मीच सरळ केली." तुमच्या वहीतलं एखादं पान फोटो काढून टाकता का, रकाने कसे आखायचे ते तिला बघायचंय.