व्हॅली ऑफ फ्लॉवर्स : मार्गदर्शक इथूनच ठरवून जावे की घांगरियात घ्यावा?

गोदाकाठ (नांदेड) :
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, सोयाबीनची फवारणी आटोपली की, आम्ही घरातील पाच जण उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागूनच हेमकुंड साहिब हे शिखांचे तीर्थ करावे, अशा विचारात आहोत. नांदेडच्या माणसाला हेमकुंडाची ओळख करून द्यायला नको. अडचण एवढीच, की एका सहल कंपनीने हरिद्वारपासून मार्गदर्शकासह सांगितलेला दर आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, तर जाऊन आलेले काही मित्र म्हणतात की वाट मळलेली असून मार्गदर्शकाची गरजच नाही. आई साठीच्या पुढची आहे. तिचे गुडघे ठीक आहेत, परंतु माहूरच्या पायऱ्यांपलीकडे तिला चढाईचा सराव नाही. अशा वेळी काय करावे?

बालाघाटी (अंबाजोगाई) :
वाट दाखवण्यासाठी तेथे कोणी लागत नाही, हे आपल्या मित्रांचे म्हणणे खरे आहे. बद्रीनाथच्या रस्त्यावरील गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीप जाते, तेथून घांगरिया, म्हणजे दोन्हींसाठी मुक्कामाचे गाव, सुमारे दहा किलोमीटरचा चढ आहे आणि यात्रेच्या दिवसांत ही वाट माणसांनी व खेचरांनी इतकी भरलेली असते की चुकू म्हटले तरी चुकता येत नाही. हेमकुंडाची वाटही तशीच. तेवढ्यासाठी हरिद्वारपासून कंपनीचा माणूस सोबत बाळगणे मला पैशाची उधळपट्टी वाटते.

प्रत्यक्ष उद्यानात शिरल्यावर मात्र गोष्ट बदलते. साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरच्या या उद्यानात पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती आहेत, आणि फुलांचे गालिचे पाहायला मिळतील अशा अपेक्षेने आलेला माणूस पुष्कळदा तासाभरात हिरमुसून परत फिरतो, कारण निळी पॉपी खडकांच्या आडोशाला एकटीदुकटी उभी असते आणि नागफण्यासारखी दिसणारी कोब्रा लिली सावलीत पानांआड दडलेली असते. ती दाखवावीच लागतात. वाटेत एके ठिकाणी पुरुषभर उंचीचे, पांढऱ्या तुऱ्यांचे दाट रान लागते. हे पॉलिगोनम. 1982 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यानंतर मेंढ्यांची चराई बंद झाली आणि ही वनस्पती फोफावली, असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे. वनखाते मजूर लावून ती उपटत असते. आपल्या धुऱ्यावरच्या गाजरगवताची आठवण यावी असाच तिचा पसारा आहे, फक्त ती परदेशातून आलेली नाही, तेथलीच आहे. जाणकार माणूस सोबत नसेल तर आपण त्याच रानापुढे उभे राहून हौसेने छायाचित्रे काढतो! खोऱ्यात पुढे जोन मार्गारेट लेग यांची समाधीही आहे. वनस्पती गोळा करताना 1939 मध्ये कड्यावरून घसरून त्यांचा मृत्यू झाला.

म्हणून माझे मत असे, की मार्गदर्शक घ्यावा, पण घांगरियात, आणि फक्त खोऱ्याच्या दिवसापुरता. भ्यूंडार आणि पुलना या गावांतली मंडळी तेथे मिळतात. आदल्या संध्याकाळी भेटून, तो झाडांची नावे सांगणारा आहे की नुसता पुढे चालणारा, हे दोन-चार प्रश्नांत पारखून घ्यावे आणि पैशाचे तेव्हाच ठरवावे. उद्यानात मुक्काम करता येत नाही. सकाळी लवकर शिरून सायंकाळी पाचच्या आत बाहेर यावे लागते.

दवाखान्यातून (लातूर) :
वरील सल्ल्यात मातोश्रींच्या दृष्टीने थोडी भर घालतो. नांदेड समुद्रसपाटीपासून चारशे मीटरही उंच नाही, घांगरिया तीन हजारांच्या पुढे आहे आणि हेमकुंड चार हजारांच्याही वर आहे. तेव्हा आधी खोरे आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड हाच क्रम ठेवावा, म्हणजे शरीराला विरळ हवेची थोडी सवय होते. डोके दुखणे, मळमळणे, भूक मरणे ही पहिली लक्षणे दिसली की पुढे चढू नये. पाऊल लडखडू लागले किंवा बसल्याजागी धाप लागली तर वाट न पाहता खाली उतरावे. मार्गदर्शक ही लक्षणे ओळखेलच, यावर विसंबून राहू नका. विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवून, रक्तदाब तपासूनच घ्याव्यात. तोवर आठवड्यातून दोनदा एखादी टेकडी पाठीवर पिशवी घेऊन चढावी. माहूरच्या पायऱ्या त्यासाठी उत्तमच आहेत.

गोदाकाठ (नांदेड) :
दोघांचेही आभार. आईसाठी खेचर केले तर चालेल का?

बालाघाटी (अंबाजोगाई) :
घांगरियापर्यंत आणि हेमकुंडाला अवश्य करा, मात्र उद्यानाच्या आत खेचरांना बंदी आहे. तेथे मातोश्रींना झेपेल तेवढेच चालू द्यावे. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडल्यावर खडा चढ लागतो, तो संपला की पुढची वाट बरीच सोपी आहे. तेवढेही झेपत नसेल तर त्या दिवशी त्यांनी घांगरियाच्या गुरुद्वाऱ्यात थांबावे. लंगर असतो, सोबतही मिळते.

प्रवासी (परभणी) :
मार्गदर्शकापेक्षा रस्त्याची काळजी अधिक करावी, असे माझे म्हणणे आहे. पावसाळ्यात बद्रीनाथच्या महामार्गावर दरडी कोसळून वाहतूक तासन् तास, कधी पूर्ण दिवस थांबते आणि रात्री पहाडात वाहने सोडत नाहीत. सचखंड एक्सप्रेसने दिल्लीपर्यंत जाणे आपल्याला सोयीचे आहे, पण परतीचे आरक्षण करताना मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. हेमकुंड यात्रेची नोंदणी घरूनच करून त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. वर मोबाईलला रेंज मिळेलच, असे नाही.