न्यूट्रॉन डिटेक्टरसाठी सिंटिलेटर कोणता घ्यावा? सल्ला हवा आहे

गाभा_आणि_गॅमा
नमस्कार मंडळी. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विखंडनातून लगेच निघणाऱ्या (प्रॉम्प्ट) न्यूट्रॉनचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती, ०.५ ते ८ एमईव्हीपर्यंत (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) मोजायचा आहे, टाइम-ऑफ-फ्लाइट पद्धतीने, म्हणजे उड्डाणाला लागलेल्या वेळेवरून ऊर्जा काढून. विभागात ५ इंच व्यासाचे, ५ इंच जाडीचे जुने द्रव सिंटिलेटर (कण आदळला की चमकणारं द्रव्य) आहेत. मागच्या बीमटाइममध्ये (त्वरकावर मिळालेल्या वेळेत) तेच लावले आणि १ एमईव्हीच्या खाली न्यूट्रॉन कुठला, गॅमा कुठला, काहीच कळेना. आठ दिवसांच्या डेटातला खालचा सगळा भाग सोडून द्यावा लागला. फार वाईट वाटलं.
आता तीन नवे डिटेक्टर घ्यायला पैसे मंजूर झालेत. हॉलमध्ये टार्गेटपासून डिटेक्टरपर्यंत १ मीटरच जागा मिळते. सर म्हणतात, पर्याय तू शोध. ईजे-३०१ आणि ईजे-३०९ (दोन्ही द्रव), पीएसडी प्लास्टिक (पीएसडी म्हणजे पल्सच्या आकारावरून न्यूट्रॉन-गॅमा वेगळे करणं), स्टिल्बीन आणि सीएलवायसी (दोन्ही स्फटिक) अशी यादी काढली आहे. ज्यांनी हाताळलंय त्यांनी कृपया सांगा.

चेंबूरकर
द्रव्य कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी जाडी ठरव. ३० वर्षं याच कामात गेली, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होताना पाहिल्या.
हिशोब करून बघ. १ एमईव्हीचा न्यूट्रॉन १ मीटर जायला ७२ नॅनोसेकंद घेतो. तुझी वेळ १ नॅनोसेकंदाने चुकली तर वेळेतली चूक १.४ टक्के, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर असल्यामुळे ऊर्जेतली दुप्पट, म्हणजे २.८ टक्के. हे चालेल. पण न्यूट्रॉन सेलमध्ये (सिंटिलेटरच्या डब्यात) नक्की किती आत जाऊन आदळला हे आपल्याला कळत नाही. ५ इंच म्हणजे १२.७ सेंटीमीटर. १ मीटरच्या अंतरात तेवढी अनिश्चितता म्हणजे ऊर्जेत जवळपास २५ टक्के! ५ सेंटीमीटर जाडीचा सेल घेतलास तर तीच १० टक्क्यांवर येते.
दिल्लीच्या आययूएसी या त्वरक केंद्रामध्ये नँड नावाची १०० डिटेक्टरांची मांडणी आहे. तिथे सेल ५ बाय ५ इंचाचेच आहेत, पण अंतर १७५ सेंटीमीटर. त्यांना जागा आहे, तुला नाही. पातळ सेलमध्ये कार्यक्षमता घटते, हे खरं. ती जास्त बीमटाइम घेऊन किंवा सेलचा व्यास वाढवून भरून काढता येते. गेलेलं रिझोल्यूशन मात्र कशानेच परत येत नाही.
वरच्या टोकाला गोष्ट बदलते. ८ एमईव्हीला उड्डाणवेळ २६ नॅनोसेकंदच, तिथे १ नॅनोसेकंदाची चूक ८ टक्क्यांना पडते. म्हणून फोटोमल्टिप्लायर (चमक टिपून विजेची पल्स करणारी नळी) वेगवान घे, तिथे काटकसर नको.

शलाका_परदेशी
चेंबूरकर काकांशी पूर्ण सहमत. त्याला पुष्टी देणारं एक उदाहरण. अमेरिकेच्या लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेत ची-न्यू नावाचा प्रयोग नेमका हाच वर्णपट मोजतो. तिथे ईजे-३०९ चे ५४ डिटेक्टर १ मीटरवर, प्रत्येकाची जाडी ५ सेंटीमीटर, व्यास मात्र जवळपास १८. म्हणजे पातळ आणि रुंद. आणि खालच्या ऊर्जेसाठी लिथियम काचेचे २२ वेगळे डिटेक्टर, ४० सेंटीमीटरवर. एकाच द्रव्याने सगळी रेंज झेपत नाही, हे त्यांनी मांडणीतच मान्य केलं आहे.
आता तुमच्या यादीबद्दल. गॅमामुळे इलेक्ट्रॉन उसळतो, न्यूट्रॉनमुळे प्रोटॉन. प्रोटॉन दाट ऊर्जा टाकतो, त्यामुळे त्याच्या पल्सचं शेपूट जड असतं. शेपटाचा चार्ज भागिले एकूण चार्ज, यावरूनच आपण दोघांना वेगळं करतो. पल्स लहान झाली की शेपटात मोजायला फोटॉनच उरत नाहीत. तुमचा १ एमईव्हीखालचा गोंधळ तोच असावा.
यात स्टिल्बीन सगळ्यांत सरस. लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेने द्रावणातून मोठे स्फटिक वाढवायची पद्धत बसवल्यापासून ते मिळूही लागले. पण स्फटिक फार नाजूक. तापमान झटकन बदललं की तडकतो, आणि प्रोटॉन कुठल्या दिशेने गेला त्यावर प्रकाश कमीजास्त होतो. पीएसडी प्लास्टिक हाताळायला सोपं, मात्र खालच्या ऊर्जेला ते स्टिल्बीनच्या मागेच राहतं. सीएलवायसी मला मनापासून आवडतं, क्लोरीन-३५ मुळे वेगवान न्यूट्रॉनचं थेट शिखर दिसतं. पण ते ओलावा शोषतं, कार्यक्षमता कमी आणि पल्स फार लांब. तुमच्या कामाला नको.

तांब्याची_तार
मी प्रयोगशाळेत डिटेक्टर जोडायचं काम करतो. पुस्तकात नसतं तेवढंच सांगतो.
ईजे-३०१ चा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) २६ अंश. मे महिन्यात मुंबईत, एसी बंद असलेल्या खोलीत पारा सहज त्याच्या वर असतो. वाहतुकीतही हे ज्वालाग्राही द्रव्य म्हणूनच मोजतात. ईजे-३०९ चा फ्लॅश पॉइंट १४४ अंश. पीएसडी ३०१ पेक्षा थोडी कमी असेल, पण रात्री निवांत झोप लागते.
आमच्याकडे एकदा सेल आडवा ठेवलेला होता. महिन्याभराने पल्स-हाइट घसरत चालली. आम्ही व्होल्टेज वाढवतोय, बेस बदलतोय. शेवटी काळी टेप सोलून पाहिलं तर काचेच्या खिडकीखाली बुडबुडा, आणि सीलपाशी तेलकट ओल, जायलीनचा वास. सील बसलं नव्हतं. हवा आत गेली की ऑक्सिजन विरघळतो आणि शेपूट मरतं. सेल उघडावाच लागला तर परत भरताना नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन बाहेर काढा. आणि सेल आल्याच्या दिवशीच सीझियम-१३७ चा गॅमा सोर्स लावून कॉम्प्टन एज (गॅमा इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त जेवढी ऊर्जा देऊ शकतो ती कड) कुठल्या चॅनेलला येते ते वहीत लिहून ठेवा. दर आठवड्याला तेच. हे एवढं केलं असतं तर आमचा तो महिना वाचला असता.

गाभा_आणि_गॅमा
सगळ्यांचे मनापासून आभार. चेंबूरकर काका, तुमचा हिशोब वाचून मागच्या डेटाकडे परत गेले. २५ टक्के पाहून पोटात गोळा आला. पण मग थ्रेशोल्ड (ज्याखालच्या पल्स सोडून द्यायच्या ती मर्यादा) किती ठेवायचा? आम्ही मिलिव्होल्टमध्ये ठेवला होता.

चेंबूरकर
मिलिव्होल्ट विसर. थ्रेशोल्ड नेहमी इलेक्ट्रॉन-समतुल्य ऊर्जेत सांगायचा, म्हणजे तेवढाच प्रकाश देणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत. सीझियमची एज ४७७ केईव्हीला (१००० केईव्ही म्हणजे १ एमईव्ही), सोडियम-२२ च्या ३४१ आणि १०६२ ला. या तीन बिंदूंतून रेघ मार. लक्षात घे, १ एमईव्हीचा प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या मानाने पाचवा-सहावा हिस्साच प्रकाश देतो. तुला ०.५ एमईव्हीचे न्यूट्रॉन हवे असतील तर थ्रेशोल्ड साधारण ५० केईव्ही इलेक्ट्रॉन-समतुल्य, किंवा त्याखाली. वरच्या टोकाला ८ एमईव्हीच्या पल्सही कापल्या जाता कामा नयेत. त्यामुळे १४ बिटांचा, सेकंदाला ५०० मेगासॅम्पलचा डिजिटायझर (पल्सचे आकडे करणारं यंत्र) घे.
बीमच्या आधी कॅलिफोर्निअम-२५२ वर (आपोआप विखंडन होणारा सोर्स) मोज. त्याचा वर्णपट प्रमाण मानलेला आहे. तुझा मोजलेला वर्णपट त्याने भागलास की कार्यक्षमता थेट हाती येते. सोर्सच्या परवानगीसाठी एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा संकेतस्थळावर आजच अर्ज टाक, शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस. गॅमाचं शिखर १ मीटरला ३.३ नॅनोसेकंदांवर येतं, तोच तुझा वेळेचा शून्य ठरवतो.
आणि जमीन! न्यूट्रॉन काँक्रीटवर आदळून उशिरा परत येतात आणि कमी ऊर्जेचे असल्याचं सोंग घेतात. तुझी खालची रेंज त्यांनीच भरेल. डिटेक्टर होईल तेवढे उंच बसव, आणि टार्गेट-डिटेक्टरमध्ये शॅडो बार (थेट येणारे न्यूट्रॉन अडवणारा जाड दांडा) ठेवून एक रन वेगळा घे.

गाभा_आणि_गॅमा
सरांशी बोलले. ईजे-३०९ चे ५ सेंटीमीटर जाडीचे दोन सेल, आणि तिसरा स्टिल्बीन. लिथियम काच शेजारच्या गटाकडून उसनी मिळतेय. ई-लोराचा अर्ज काल टाकला. तार दादा, वही आणली आहे, पहिल्या पानावर सीझियमची तारीख घालायला जागा मोकळी ठेवलीय.