मदत हवी आहे: ऑटोकॅडमध्ये मोजणीच्या एक्सरेफचा हॅच घराच्या प्लॅनवर चढतो, पीडीएफ तर वेगळंच येतं

खाडीपट्टा:

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ किनाऱ्यालगतच्या एका जागेचा साइट प्लॅन लावलाय. मुख्य फाइलमध्ये स्वतःचं फारसं काही नाही, सगळं एक्सरेफने, म्हणजे बाहेरच्या ड्रॉइंग फाइली जोडून, आणलंय. तळाला उपग्रह चित्र. त्यावर मोजणीची फाइल, तिच्यात हद्द, गट क्रमांक, गडगे (दगडी कुंपणं), पाखाडी (पायऱ्यांची वाट), व्हाळ (ओढा), विहीर, माड. व्हाळाला आणि रस्त्याला सॉलिड हॅच (भरीव रंग) आहे. मग सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) रेषा: भरती रेषा आणि तिच्यापासून २०० व ५०० मीटर. शेवटी घराचा प्लॅन. त्यात खोल्यांच्या नावांमागे वाइपआउट (मागचं झाकणारे कोरे तुकडे) टाकलेत.

मोजणीची सुधारित फाइल आली की जुनी डिटॅच करून (काढून) नवी अटॅच करतो (जोडतो). दर वेळी तिचा हॅच घरावर आणि सीआरझेडच्या रेषांवर चढतो. ड्रॉऑर्डरने (वर-खाली क्रम लावणाऱ्या कमांडने) घर वर आणलं की हद्दीची रेषा अंगणाच्या हॅचखाली जाते. मला मोजणीचा हॅच खाली, त्यावर घर आणि त्याच मोजणीची हद्द सगळ्यात वर हवी आहे. तिसरी गोष्ट, स्क्रीनवर सगळं बरोबर दिसलं तरी पीडीएफमध्ये वाइपआउटमधून मागच्या रेषा आरपार दिसतात.

रिजेन (ड्रॉइंग नव्याने दाखवणारी कमांड) मारून झालं. सॉर्टएन्ट्स (हा क्रम कुठे पाळायचा ते ठरवणारं सेटिंग) १२७ आहे. आणखी काय बघू?

चिरेखाण:

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. मुख्य फाइलच्या लेखी अख्खा एक्सरेफ ही एकच वस्तू असते, आत लेयर (थर) कितीही असोत. कोणता एक्सरेफ कोणाच्या वर, हे मुख्य फाइलमध्ये साठतं. एक्सरेफच्या आत हॅच वर की रेषा वर, हे त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये साठतं. मुख्य फाइलमध्ये हॅचटूबॅक (सगळे हॅच मागे) किंवा टेक्स्टटूफ्रंट (अक्षरं पुढे) कितीही वेळा चालवलं, तरी एक्सरेफच्या आतल्या हॅचला आणि अक्षरांना धक्का लागत नाही.

आता डिटॅचचं. डिटॅच केलं की ती वस्तूच ड्रॉइंगमधून जाते आणि तिचा क्रमही जातो. नवी अटॅच केलेली फाइल सर्वांत ताजी वस्तू, म्हणून ती सगळ्यांच्या वर बसते. तेव्हा डिटॅच करूच नका. सुधारित फाइल जुन्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये टाका आणि रीलोड करा, क्रम जागच्या जागी राहतो. नावात तारीख ठेवावीच लागत असेल तर एक्सआर कमांड देऊन एक्सरेफचं पॅलेट उघडा, तो एक्सरेफ निवडा आणि त्याचा पाथ बदलून नवी फाइल दाखवा.

क्रम एकदा नीट लावून घ्या. लेआउटमध्ये (छपाईच्या पानावर) नाही, मॉडेल टॅबवर जाऊन. डीआर (ड्रॉऑर्डरचं छोटं रूप), उपग्रह चित्र निवडा, एंटर, बी (मागे). मग डीआर, मोजणी, एंटर, एफ (पुढे). पुन्हा डीआर, सीआरझेड, एंटर, एफ. शेवटी घर, तसंच एफ. खालून वर, एकेक करून. तिन्ही एकत्र निवडून एफ दिलंत तर त्यांचा आपसातला जुना क्रम तसाच राहतो आणि काहीच बदललं नाही असं वाटतं.

प्रत्येक एक्सरेफ मुख्य फाइलमध्ये स्वतःच्या वेगळ्या लेयरवर ठेवा. नाहीतर एकावर एक बसलेल्या फाइलींत नेमकी हवी ती निवडणं जिकिरीचं होतं. वेगळा लेयर असला की बाकीचे बंद करून एका क्लिकमध्ये निवडता येतं.

पाखाडी:

हद्द वर आणि हॅच खाली हवा, मध्ये घर, हे एका एक्सरेफने होणार नाही. चिरेखाण यांनी कारण दिलंच आहे. मोजणी दोनदा आणावी लागेल, पण दोन वेगळ्या नावांनी. एकाच नावाने दोनदा आणली तर दोन्ही प्रतींचे लेयर तेच असतात. एकीचा गोठवला (फ्रीझ करून लपवला) की दुसरीचाही गोठतो.

आधी मोजणीची फाइल साफ करा. मुख्य फाइलमध्ये एक्सओपन द्या आणि मोजणीवर क्लिक करा, ती वेगळी उघडेल. सगळे हॅच त्यांच्या स्वतंत्र लेयरवर आहेत ना, ते बघा. शून्य लेयरवर काही असेल तर ते आधी हलवा. शून्य लेयरवरच्या वस्तू मुख्य फाइलमध्ये एक्सरेफ ज्या लेयरवर बसला असेल त्याच्या होतात, म्हणून त्या वेगळ्या गोठवता येत नाहीत. मग हॅचटूबॅक चालवा. विहिरीच्या किंवा माडाच्या ब्लॉकमध्ये (एकत्र बांधलेल्या चिन्हात) हॅच असेल तर त्याला हे लागू होत नाही. तो ब्लॉक बीएडिटमध्ये (ब्लॉक एडिटरमध्ये) उघडून आत क्रम लावावा लागतो. पुढचे हॅच आपसूक हद्दीच्या रेषेमागे पडावेत म्हणून एचपीड्रॉऑर्डर हे सेटिंग ३ ठेवा. सेव्ह करून बंद करा.

आता मुख्य फाइल. पॅलेटमध्ये मोजणी निवडून एफ२ दाबा आणि नाव द्या, मोजणी-रंग. मग तीच फाइल पुन्हा अटॅच करा. इन्सर्शन पॉइंट ०,०,०, स्केल १, रोटेशन ०, स्क्रीनवर दाखवण्याची खूण काढून. मोजणी यूटीएम झोन ४३ च्या (जागतिक नकाशा जाळीच्या) निर्देशांकांवर असेल तर हे फार जपा, माउसने टाकलेली प्रत मूळ जागी बसणार नाही. पहिली प्रत कुठल्या बिंदूवर आहे हे प्रॉपर्टीजमध्ये पाहून दुसरीलाही तेच द्या. दुसऱ्या प्रतीचं नाव एफ२ ने मोजणी-रेषा करा.

लेयर पॅलेटमध्ये आता दोन संच दिसतील, दोन्हींच्या नावाआधी आपापल्या एक्सरेफचं नाव आणि उभी रेघ. मोजणी-रंगमध्ये हद्द, गट क्रमांक, गडगे गोठवा. मोजणी-रेषामध्ये हॅचचे लेयर गोठवा. व्हिसरिटेन हे सेटिंग १ असायलाच हवं, नाहीतर रीलोड केल्यावर लेयरची स्थिती मूळ फाइलप्रमाणे परत येते. मग खालून वर क्रम असा: चित्र, मोजणी-रंग, सीआरझेड, घर, मोजणी-रेषा.

एका ठिकाणी लक्ष ठेवावं लागेल. सुधारित मोजणीत एखादा नवा लेयर आला तर तो दोन्ही संचांत उघडाच येतो. रीलोडनंतर लेयर पॅलेटवर नजर टाका आणि एकीकडचा गोठवा. हजारो पॉलिलाइनच्या कंटूर (समोच्च रेषांच्या) फाइलसाठी ही युक्ती वापरू नका, ड्रॉइंग जड होतं. दहा-वीस गटांच्या मोजणीला काही होत नाही.

व्हाळकाठ:

पीडीएफबद्दल. प्लॉटच्या (छपाईच्या) खिडकीत प्रिंटर म्हणून डीडब्ल्यूजी टू पीडीएफ निवडलेलं असताना प्रॉपर्टीज दाबा. डिव्हाइस अँड डॉक्युमेंट सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सखाली मर्ज कंट्रोल आहे. तिथे लाइन्स मर्ज असेल तर एकावर एक आलेल्या गोष्टी एकमेकींत मिसळून छापल्या जातात, म्हणून वाइपआउट असूनही नसल्यासारखा होतो. लाइन्स ओव्हरराइट करा. बंद करताना विचारेल, तेव्हा बदल पीसी३ (प्रिंटरच्या सेटिंगच्या) फाइलमध्येच साठवा, नाहीतर तो त्या एका प्लॉटपुरताच राहतो.

त्यानेही सुटलं नाही तर व्ह्यूपोर्ट (लेआउटमधली मॉडेल दाखवणारी चौकट) निवडून शेड प्लॉट अ‍ॅज डिस्प्लेड आहे का आणि व्हिज्युअल स्टाइल टूडी वायरफ्रेम आहे का ते बघा. ड्रॉऑर्डरचा क्रम टूडी वायरफ्रेममध्येच पाळला जातो. हिडन किंवा कन्सेप्चुअलमध्ये झेड उंचीवर ठरतं. टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) केलेल्या मोजणीत बिंदूंना आणि रेषांना खरी पातळी असते, गडगा १२.४ वर आणि तुमचं घर शून्यावर. तिथे गडगा घराच्या वरच येणार, ड्रॉऑर्डर काहीही दिलेला असो.

सॉर्टएन्ट्स प्रत्येक ड्रॉइंगमध्ये वेगळं साठतं. त्याचं मूल्य ही बेरीज असते, त्यातले १६ रिजेनसाठी आणि ३२ प्लॉटसाठी. १२७ मध्ये दोन्ही आहेत, पण तुम्ही पाहिलं ते मुख्य फाइलमधलं. मोजणीच्या आणि घराच्या फाइलीतही बघा.

माझं मत विचाराल तर खोल्यांच्या नावांमागचे वाइपआउट काढूनच टाका. एमटेक्स्टला (नावाच्या मजकुराला) बॅकग्राउंड मास्क (मागचं झाकणारी पट्टी) द्या, ड्रॉइंगचा बॅकग्राउंड रंग वापरण्याची खूण करा आणि ऑफसेट १.५ वरून १.२ च्या आसपास आणा. नाव हलवलं की मास्क सोबत हलतो. वाइपआउट मागेच राहतो आणि भिंतीचा तुकडा पुसून बसतो.

खाडीपट्टा:

मनापासून आभार. पाथ बदलून, दोन नावांनी मोजणी आणून क्रम बरोबर बसला. मर्ज कंट्रोल लाइन्स मर्जवरच होतं, ते बदलताच पीडीएफ स्वच्छ आलं. दोन गोष्टी उरल्यात. उपग्रह चित्राची चौकट छापली जाते. आणि ही फाइल चिपळूणला स्ट्रक्चरलवाल्यांना पाठवायची आहे, ते एक्सरेफ बाइंड करून (मुख्य फाइलमध्येच कायमचे घालून) मागतात. दोन नावांची मोजणी बाइंड केली तर क्रम टिकेल का?

व्हाळकाठ:

चौकटीसाठी इमेजफ्रेम हे सेटिंग २ करा. स्क्रीनवर दिसते, छापली जात नाही. शून्य केलंत तर चौकट स्क्रीनवरूनही जाते आणि चित्र निवडायला त्रास होतो.

पाखाडी:

क्रम टिकेल, कारण बाइंड झाल्यावर प्रत्येक एक्सरेफ एक ब्लॉक होतो आणि आपल्या जागी राहतो. पण बाइंडच्या खिडकीत बाइंड हाच प्रकार निवडा, इन्सर्ट नको. बाइंडमध्ये उभ्या रेघेच्या जागी डॉलर-शून्य-डॉलर येतं आणि दोन्ही संचांचे लेयर वेगळे राहतात. इन्सर्टमध्ये पुढचं नाव गळून पडतं, दोन्ही संच एकाच लेयरमध्ये मिसळतात, मग हॅच एकदा गोठवला की दोन्हीकडून जातो आणि उघडला की पुन्हा घरावर चढतो. बाइंड नेहमी सेव्ह अ‍ॅज केलेल्या प्रतीत करा, कारण त्यानंतर रीलोड उरत नाही. उपग्रह चित्र बाइंड होत नाही, तेव्हा ईट्रान्समिट कमांडने झिप करून चित्र सोबत पाठवा आणि त्याचा पाथ रिलेटिव्ह (मुख्य फाइलच्या जागेपासूनचा) ठेवा.