आईसाठी टॅब की लॅपटॉप? (रविवारी विमान आहे, लवकर कळवा)

प्रेषक: दिवाळी अंक, अक्षरजुळणी (मुक्काम नौपाडा, ठाणे)
गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

मंडळी,

आईच्या डेस्कटॉपचं आता काहीतरी करायलाच हवं. चालू होतो, पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ तारखेला संपला आणि त्या जुन्या डब्यावर ११ चढत नाही. त्याला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर २०१४ चा. तिचं बँकेचं सगळं काम त्याच्यावर चालतं. तो तसाच नेटला जोडून ठेवून मी परत अमेरिकेत यावं, असं मनाला पटत नाही.

आज दादाला ओवाळलं तर त्याने ताटात पाकीट टाकलं, "आईचं मशीन घे" म्हणाला. चाळीस हजार आहेत. त्याच्या वर जायचं नाही.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाची ६४ पानं आईची तपासायची राहिलीत आणि ८ नोव्हेंबरच्या कार्यक्रमात अंक हातात हवा. म्हणजे ही पानं ती नव्या मशीनवरच बघणार. डोक्यात तीन पर्याय आहेत: आयपॅड, सॅमसंगचा पेनवाला टॅब, नाहीतर साधा विंडोज लॅपटॉप. आई ७६ ची, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालंय. इनस्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाण कीबोर्ड तिला झोपेतही येतो, पण काचेवर टाइप करायचा तिला मनापासून कंटाळा आहे.

बाकी मी बघते, मला एवढंच सांगा: पीडीएफवर पेनाने खुणा करायला काय बरं? गेल्या वर्षी आभाराच्या पानावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.


प्रेषक: संकेतस्थळ समिती
गुरुवार, रात्री

ताई, आयपॅड घे. आपल्यापैकी निम्म्या घरांत तोच आहे, त्यामुळे काकूंचं काही अडलं तर कोणीही सांगू शकेल. आयपॅडओएस १८ पासून फेसटाइमवर, म्हणजे ॲपलच्या व्हिडिओ कॉलवर, त्यांचा पडदा आपल्याला दिसतो, आणि त्यांनी परवानगी दिली तर इथून बोट लावून दाखवताही येतं. मी माझ्या बाबांना हेच करून दिलंय. पूर्वी आयपॅडवर वॉट्सॅप नव्हतं ही मोठी अडचण होती, तीही मे महिन्यात गेली.

साधा ११ इंची, १२८ जीबी बस झाला. मार्चमध्ये भारतात ३४,९०० ला आला. इथे ३४९ डॉलर. पुढच्या आठवड्यात आपल्यातलं कोणी ठाण्याला जात असेल तर इथूनच पाठवू का?


प्रेषक: वाशीचे काका
शुक्रवार, २४ ऑक्टोबर, सकाळी

इथून-तिथून पाठवायच्या भानगडीत पडू नका. मी २०१९ ला परत आलो तेव्हा मेव्हणीसाठी परदेशातून एक टॅब आणला होता. कंपनीचं नाव घेत नाही. आठ महिन्यांत चार्जिंगचं तोंड गेलं. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, हा माल या देशातला नाही, वॉरंटीत बसणार नाही. नेरूळहून तीन खेपा झाल्या, शेवटी बाहेर पैसे मोजून दुरुस्त केला. शिवाय चार्जरच्या चपट्या दोन पिना आपल्या प्लगमध्ये सैल बसतात. म्हाताऱ्या माणसाने रोज तो हलवून बसवायचा का? जिथे वापरायचं तिथेच घ्यायचं, आणि बिल जपून ठेवायचं.

आता हिशोब. ३४,९०० चा आयपॅड, पण पेन्सिल त्यात येत नाही. टाइप-सीवाली सगळ्यात स्वस्त पेन्सिल ७,९०० ची. झाले ४२,८००. ओवाळणी संपली. सॅमसंगच्या लाइट आणि एफई टॅबमध्ये पेन खोक्यातच येतं आणि लिहिण्यासाठी त्याला चार्जिंग लागत नाही. ऐन वेळी पेन मेलं, वायर शोधा, हा प्रकार नाही. मेमरी कार्डही बसतं. वर्षभराचे अंक, नातवंडांचे फोटो, सगळं त्यात राहील.

आणि काकूंना आधीच सांगून ठेवा की नुसत्या वायफायच्या टॅबवर यूपीआय चालत नाही, तो कुठल्याही कंपनीचा असो. सिमवरून मेसेज जावा लागतो. फोन होता तसाच राहू दे. नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही त्यांच्या अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून निघेल, मी माझा गेल्या वर्षी तसाच काढला.


प्रेषक: माजी संपादक
शुक्रवार

पेनाची चर्चा चालली आहे, पण मुळात चूक का झाली हे कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी आभाराच्या पानावर "आचार्यांचे आभार" छापून आलं. दोनशे माणसांचा स्वयंपाक केलेल्या आचाऱ्यांचे आभार मानायचे होते. त्यांच्यापैकी एकांनी अंक उघडून मला विचारलं, हे आचार्य कोण? मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ही चूक काकूंची नव्हती. मजकूर मोबाइलवर टाइप होऊन आला, तिथे सुचलेला पहिला शब्द तसाच दाबला गेला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या मानकात, ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, की ऱ्य झालाच. तीन कळा. १९९१ च्या मानकात हाच आराखडा आहे आणि विंडोजमध्ये तो आयता मिळतो. दर्या आणि दऱ्या यांतला फरक बोटांना कळला पाहिजे. म्हणून माझं मत लॅपटॉपला. कीबोर्ड खरा हवा.

दुसरं. तो डेस्कटॉप कृपा करून भंगारात देऊ नका. २००३ ते २०११ चे आपले अंक पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत आणि ते श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी कचरा दिसतो. पेजमेकरचं काम अडोबीने २००४ मध्येच थांबवलं. त्या फाइली सरळ उघडणारं आपल्याकडे उरलेलं ते एकच यंत्र आहे आणि ते काकूंच्या टेबलावर आहे.


प्रेषक: खजिनदार
शुक्रवार

काकांचं वॉरंटीचं बरोबर आहे. कस्टमचंही लक्षात ठेवा, कारण दर डिसेंबरात हाच प्रश्न येतो. २०१६ च्या बॅगेज नियमांत (२०२५ मध्ये हेच लागू होते) आपल्यासारख्यांना ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर ड्यूटी नव्हती. १८ वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप त्याच्यापेक्षा वेगळा, सुटा मिळत होता. टॅब त्या सवलतीत धरत नव्हते, तो ५०,००० च्या आतच मोजावा लागायचा.

कोणी दुकानदार "जीएसटी उतरला, आता स्वस्त" म्हणाला तर ऐकू नका. २२ सप्टेंबरला मोठ्या टीव्हीचा उतरला. लॅपटॉप आणि टॅब आधीही १८ टक्क्यांत होते, आजही आहेत.

मंडळाच्या खात्यातून काही लागलं तर आधी मला विचारा, नंतर बिल पाठवू नका.


प्रेषक: युवा समिती
शुक्रवार

पडदा दुरून चालवायच्या ॲपबद्दल वर लिहिलंय, म्हणून लिहिते. माझी आजी कोपरखैरण्याला असते. बँकेतून बोलतोय असं सांगून एकाने तिला एक ॲप घ्यायला लावलं, आणि पंधरा मिनिटांत खात्यातून ३८ हजार गेले. असल्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. काकूंच्या मशीनवर ते ॲप ठेवूच नका. व्हिडिओ कॉलवर टॅब कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, वेळ लागला तरी चालेल. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवा. आजीने तासाभरात फोन केला म्हणून थोडी रक्कम अडवली गेली.


प्रेषक: संकेतस्थळ समिती
शुक्रवार

मी बँकेतून बोलत नाही. मुलाने स्वतःच्या आईला मदत करायची तर आणखी कसं करायचं? पण आजींचं वाचून वाईट वाटलं. फेसटाइममध्ये आपण आपणहून फोन लावतो आणि परवानगी त्या देतात, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.


प्रेषक: दिवाळी अंक, अक्षरजुळणी
शुक्रवार, रात्री ११

सगळ्यांचे आभार. संध्याकाळी आईला घेऊन गोखले रोडवर गेले. भाऊबीज झाली तरी गर्दी होतीच. पण दुकानातल्या मुलाने तिला खुर्ची दिली आणि दोन्ही टॅब समोर मांडले. मी अंकाचं पान १७ दोन्हींवर उघडून दिलं.

आधी तिने आयपॅड घेतला. पडदा तिला जास्त स्वच्छ दिसला, हे ती दोनदा म्हणाली, म्हणून तेही लिहिते. पण पेन्सिलचं टोक काचेवर टकटक वाजत होतं आणि खूण करताना तिचा हात दर वेळी थबकत होता. मग सॅमसंगचं पेन. त्याचं टोक मऊ आहे, किंचित घासत चालतं. तिने चष्मा कपाळावर सरकवला, पान दोन बोटांनी मोठं केलं, तळहात सरळ काचेवर टेकला आणि ओळीखाली रेघ मारून समासात ऱ काढला. छापील प्रुफावर लाल पेनाने काढते, तसाच. "सह्याद्रीच्या दर्या" असं आलं होतं तिथे. मी तीच ओळ त्याआधी तीनदा वाचली होती.

मी विचारलं, कुठला? ती म्हणाली, "हा, याला वायर लावायला लागत नाही ना?" घेतला. चाळीसच्या आत कव्हरसकट बसला, बिल तिच्या कपाटात आहे.

संपादक, तुमचं कीबोर्डचं म्हणणं मला मान्य आहे. पण आईने टाइप करायचंच नाही. ती खुणा करेल, टाइप मी करेन. गेल्या वर्षीचा घोळ त्यातूनच झाला, तपासणारी आणि टाइप करणारी एकाच फाइलमध्ये हात घालत होतो. यापुढे तिच्याकडे फक्त पीडीएफ जाईल. डेस्कटॉपची नेटची वायर मी आजच काढली. तो टेबलावरच राहील, पेजमेकर उघडून बघितलं, २००६ चा अंक उघडला. बँकेचं काम शाखेत जाऊन, तेही तिनेच ठरवलं.

युवा समिती, १९३० फोनवर लावलाय.


प्रेषक: माजी संपादक
शनिवार, पहाटे

२००६ चा उघडला हे वाचून बरं वाटलं. परत येण्यापूर्वी सगळे अंक पेनड्राइव्हवर उतरवून आणशील का? श्रीलिपीचे फॉन्टही सोबत घे, नुसत्या फाइली नकोत.

पान १८ ते ४० ची पीडीएफ काकूंना पाठवतोय. आभाराचं पान मुद्दाम पहिलं ठेवलंय. आचाऱ्यांचं नीट झालंय का ते त्यांनी आधी बघावं.