किशोर गटाची कबड्डी : घोटा, गुडघा आणि डोकं कसं जपायचं?

मैदानमास्तर
शाळेच्या मुला-मुलींचे संघ तयार करतोय, वयं १३ ते १६. सराव मातीवर, स्पर्धा मॅटवर. घोटे मुरगळणं, बोटं सुजणं नेहमीचंच, पण खरी धास्ती गुडघ्याची आणि डोक्याची आहे. जिम नाही, फिजिओ नाही, वेळ रोज दीड तास. त्यात काय घालावं आणि काय थांबवावं? आणि पट काढायला, म्हणजे चढाईपटूचा पाय धरून पकड करायला, नेमकं कधी शिकवावं?

उजवा_कोपरा
पट नंतर, आधी पडणं. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं फक्त पडायला शिकवा. हनुवटी छातीला, हात कोपरात वाकलेला, वजन खांद्यामागून पाठीवर घेत लोळण. आधी गुडघ्यांवर बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, शेवटी हळू धावत. हात ताठ टेकून पडायची सवय राहिली तर मनगट, कोपर नाहीतर गळपट्टीचं हाड जातं.

मग पट. चढाईपटू जागेवर उभा, पकड निम्म्या वेगाने. दोन गोष्टींवर अजिबात सूट देऊ नका. एक, पकडणाऱ्याची नजर वर आणि मान सरळ हवी. मान खाली घालून घुसणारा पोरगा डोक्याच्या टाळूवर मार घेतो आणि तो दणका थेट मणक्यात जातो. दोन, डोकं चढाईपटूच्या दोन पायांच्या मध्ये जाता कामा नये, कारण सुटायला उचललेला मोकळा गुडघा कानशिलावर बसतो. गाल मांडीच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेला हवा. हे अंगवळणी पडेपर्यंत सूर मारणं बंद.

गुडघे मोडतात ते बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या बचावपटूमुळे. एकाने पट काढला की चढाईपटूचा पाय रोवलेला असतो आणि सगळं वजन त्यावर असतं. त्याच वेळी मदतीला आलेला पोरगा बाजूने त्या पायावर कोसळला की गुडघा आत मोडतो. म्हणून सरावात नियमच करा: मदतीला येणाऱ्याने कमरेच्या वरच धरायचं, आणि चढाईपटू थांबला की लगेच शिट्टी. ढीग होऊ द्यायचा नाही.

साखळीत, म्हणजे बचावपटू एकमेकांचा हात धरून उभे असताना, बोटांत बोटं गुंतवू देऊ नका. झटका बसला की ती सुटत नाहीत आणि सांधा निखळतो. तळव्याला तळवा, नाहीतर मनगट धरायचं. पायांची कैची नियमातच फाउल आहे, ती सरावातही चालवून घेऊ नका. नखं कापलेली आणि अंगावर दागिना नाही, हे रोज रांगेत उभं करून बघा. जोड्या लावताना वय नाही, वजन बघा. दहा किलोंहून जास्त फरक असेल तर पूर्ण वेगाची पकड नको.

सांधे_आणि_स्नायू
वरचं सगळं पटलं. त्यात वॉर्मअपची भर घालतो, कारण मैदानाला दोन फेऱ्या आणि हातपाय झटकणं याने गुडघा वाचत नाही. फुटबॉलसाठी फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा २० मिनिटांचा कार्यक्रम आहे: ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद-उड्या-तोल, २ मिनिटं वेगाचं धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तो वापरून पाहिला तेव्हा एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. साधन लागत नाही, आणि कबड्डीला तो सहज जुळतो. मधली दहा मिनिटं अशी भरा:

– एका पायावर तोल, ३० सेकंद, दोन्ही पायांवर दोनदा. जमलं की जोडीदाराने खांद्याला हलका धक्का द्यायचा.
– गुडघ्यांवर बसून, मागून कुणी घोटे दाबून धरलेले, पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकणं. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा स्नायू धरतो.
– उडी मारून मऊ उतरणं, ८-१० वेळा. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर उडीची उंची कमी करा. मुलींकडे इथे जास्त लक्ष द्या. गुडघ्याचा पुढचा बंध (लिगामेंट) तुटण्याचा धोका त्यांना मुलग्यांपेक्षा जास्त असतो.
– कोपरावर आडवं प्लँक, २० ते ३० सेकंद.

आठवड्यातून किमान दोनदा, सलग आठ-दहा आठवडे. स्पर्धेच्या आठ दिवस आधी सुरू करून काही हाती लागत नाही.

माती_ते_मॅट
एक मुद्दा राहिला. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि वळताना गुडघ्याला पीळ बसत नाही. मॅटवर नव्या बुटाचा तळ चिकटतो, शरीर वळतं पण पाय वळत नाही. म्हणून स्पर्धेच्या निदान तीन आठवडे आधी तेच बूट घालून मॅटवर सराव मिळवा, आधी फक्त पावलं आणि वळणं, पकड नंतर. मॅटच्या जोडांमध्ये फट असेल तर सामना सुरू करू देऊ नका, त्यात अंगठा अडकतो. घामाचे थेंब पुसायला कापड घेऊन एक जण रेषेबाहेर बसवा. मातीचं मैदान खणून, चाळून, खडे काढून, पाणी मारून घ्या. रेषेबाहेर तीन-चार मीटरवर खुर्ची, खांब, टेबल काही नको.

वजनगटात बसवण्यासाठी पोरांना उपाशी-तहानेलं ठेवणं ताबडतोब थांबवा. पाणी कमी पडलेलं शरीर उन्हात कोसळतं.

मैदानमास्तर
फार उपयोगी. डोक्याला मार बसला आणि पोरगा “काही नाही सर” म्हणाला, तर? आणि मुरगळलेला घोटा किती दिवसांनी खेळवायचा?

सांधे_आणि_स्नायू
त्याचं म्हणणं ऐकू नका. गोंधळलेला चेहरा, डोकेदुखी, चक्कर, अंधुक दिसणं, गुण किंवा मागची चढाई न आठवणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी पुन्हा मैदान नाही आणि घरी एकटं पाठवणं नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा गुंगी आली तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर वाटत असतील तर उचलू नका, डोकं स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. डोक्याला मार बसलेल्याला आधी दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू शाळा आणि चालणं, पुढे टप्प्याटप्प्याने सराव. टप्पा बदलायला किमान २४ तास, आणि पकडीचा खेळ डॉक्टरांच्या परवानगीनेच.

घोट्याला दिवस मोजू नका. आधी हे बघा: चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल तर एक्स-रे. या वयात हाडाची वाढ होणारी पट्टी बंधापेक्षा नाजूक असते, त्यामुळे ‘मुरगळ’ म्हणून मालिश करणं किंवा हाडवैद्याकडे ‘बसवून’ घेणं धोक्याचं आहे. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पट्टी, पाय उंच. तेल, शेक नाही. मैदानावर परत घ्यायची कसोटी: त्या पायावर दहा उड्या, आठाच्या आकड्यात पळणं, पूर्ण वेगाने थांबून वळणं, आणि कुठेही दुखणं किंवा लंगडणं नाही. नंतर पुढची दुखापत टाळायला तोलाचा व्यायाम चालूच ठेवायचा आणि सुरुवातीचे काही महिने खेळताना टेप किंवा घोट्याची पट्टी.