मॉडेल डिझेल इंजिन सांध्यावर अडतंय

दापोलीकर: डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाचं एचओ (१:८७ प्रमाणातलं) मॉडेल घेतलं. बांधणी सुरेख, छतावरच्या जाळीतून पंख्याची पाती दिसतात. पण चालणं रडतखडत! रुळांच्या सांध्यावर दिवा मिचकतो, इंजिन थबकतं, बोटाने ढकललं की निघतं. २०२२ पासून कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेचा. म्हटलं डिझेल निदान माडीवर तरी धावेल. मोटर गेली का?

खाडीपट्टा: रूळ खिडकीपाशी आहेत का? मग मोटरीला बोल लावू नका. खारी हवा आणि दमटपणाने रुळावर, चाकांवर पापुद्रा धरतो, वीज पोचत नाही. टिश्यूला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रुळांवर आडवा ठेवा. एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) त्यावर, दुसरी उघड्या रुळावर. इंजिन धरून वीज देऊन चाकं फिरवा, मग उलट बाजू. पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत मळ बसतो.

जुना गार्ड: आणि ते १६.५ मिमी गेजच्या (दोन रुळांमधल्या अंतराच्या) रुळावर धावतं. आपला ब्रॉडगेज १:८७ ने १९ मिमीच्या वर जातो. समोरून बघितलं की मला खुपतंच.

दापोलीकर: टिश्यू काजळीसारखा काळा! आता सांधे न अडता ओलांडतंय. गेजचं मात्र उगाच सांगितलंत, आता तेच दिसतं.