'उभे' छायाचित्र म्हणजे नेमके कोणते?

अलिबागहून विचारणा
गिरणगावाच्या जुन्या हवाई छायाचित्रांखाली मराठी ओळी लिहायच्या आहेत. 'हवाई छायाचित्र' आणि 'विहंगम दृश्य' यांत फरक करावा का? विमानातून सरळ खाली टिपलेल्याला 'उभे' आणि कोनातून टिपलेल्याला 'तिरपे' म्हटले तर चालेल का? शिवाय वडाळ्याकडच्या चित्रांत 'मिठागर' लिहू की नुसते 'आगर'?

परळहून
'तिरपे' चालेल, 'उभे' नको. मराठीत उभा फोटो म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला. वाचक चौकटीचा आकार समजेल. 'लंब छायाचित्र' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'थेट खाली रोखून घेतलेले' एवढे उलगडून सांगा.

'विहंगम' तिरप्याला शोभतो. विहंगम म्हणजे पक्षी, आणि रूढ अर्थ दूरवर पसरलेला देखावा. त्यात जवळची गिरणी मोठी, मागची लहान, म्हणून त्यावर मोजपट्टी लावता येत नाही. लंब चित्रावर लावता येते. भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) 152 मिमी आणि विमान जमिनीपासून 3,040 मीटर वर असेल, तर प्रमाण 1:20,000. 23 सेंमी बाजूच्या मूळ प्रतीत 4.6 किमी मावतात. मोठी करून छापलेली प्रत हाती असेल तर हे प्रमाण धरू नका. आजही जागेवर असलेल्या दोन ठिकाणांमधले अंतर, उदाहरणार्थ दोन रेल्वे पुलांमधले, मोजून प्रमाण नव्याने काढा.

गिरण्यांबद्दल 'कापड गिरणी' असे पूर्ण लिहा, नाहीतर पिठाची गिरणी डोळ्यांपुढे येते. खाती वेगळी ओळखता येतात. विणकामाचे साचेखाते बहुधा एकमजली, कारण मागांचे हादरे जमिनीने पेलायचे. त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे; लंब चित्रात एकाआड एक फिकट-गडद पट्टे दिसतात. दात्याची काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे थेट ऊन न येता सारखा उजेड मिळतो. सूतकताईची इमारत बहुमजली, तिची सावली लांब. आवारातला काळा चौकोन डांबरी अंगण नसून पाण्याचे तळेही असू शकते. संथ पाणी काळे दिसते, पण ऊन कॅमेऱ्याकडे परावर्तित झाले की तेच पांढरेफट्ट.

चिमणीला 'धुराडे' म्हटलेत तर छानच. 'चिमणी'ने पक्षी आणि दिवा दोन्ही आठवतात. तिची उंची सावलीवरून निघते: सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाची (क्षितिजापासून सूर्य किती अंश वर आहे त्या कोनाची) स्पर्शज्या, म्हणजे टॅन. 1:10,000 प्रमाणात सावली 4 मिमी भरली तर जमिनीवर 40 मीटर. उन्नतांश 45 असेल तर धुराडेही 40 मीटर. 35 असेल तर 28. म्हणून चित्र घेतल्याची तारीख आणि वेळ नसताना उंचीचा आकडा छापू नये. सावलीचे टोक शेजारच्या छपरावर पडले असेल तर ती आखूड भरते आणि उंची कमी निघते.

उरणहून
नुसते 'आगर' लिहू नका. संस्कृत 'आकर' म्हणजे खाण, साठा. त्यातूनच 'गुणांचे आगर'. आमच्या बाजूला आगर म्हटले की मीठ पिकवायची जागा, पण रत्नागिरीकडे आगर म्हणजे माड-पोफळींची बाग. दोन्ही वाचकांना एकच अर्थ पोचवायचा तर 'मिठागर'.

चित्रात मिठागर म्हणजे बांधांनी पाडलेले काटकोनी वाफे, कडेला राशींचे पांढरे ठिपके. पण मीठ उन्हाळ्याकडे पिकते. पावसाळा संपता संपता घेतलेल्या चित्रात तेच वाफे तुडुंब असतात आणि लोक त्याला खाजण लिहून मोकळे होतात. खाजण म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी दलदलीची जमीन. तिच्यातल्या ओहळांना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात. सरळ बांध दिसला की तिथे माणसाचा हात लागला आहे. बांधाला उघाडी आहे का तेही पाहा: भरतीचे पाणी अडवणारी आणि ओहोटीला आतले सोडणारी झडप असलेली जागा बांधातल्या छोट्या खाचेसारखी दिसते.

रत्नागिरीहून
एक गोष्ट राहिली. चित्र उत्तर वर धरून पाहिले की आपल्याकडे बहुतेक वेळा सावल्या पाहणाऱ्यापासून दूर पडतात, आणि डोळा फसतो: बांध चरासारखे, धुराडे विहिरीसारखे वाटते. चित्र उलटे फिरवा, सावल्या आपल्याकडे येऊ द्या, मग उंचवटे उंच दिसतील. छापताना उत्तर खाली गेली असेल तर बाण दाखवायला विसरू नका.

परळहून
अगदी. आणि ओळींत 'लुप्त' ऐवजी 'नामशेष' वापरा. लुप्त म्हणजे दिसेनासे झालेले. नामशेष म्हणजे नाव तेवढे उरलेले. लोअर परळमध्ये फिनिक्स मिल, कमला मिल ही नावे आजही तोंडात आहेत, पण तिथे मागावर कापड विणले जात नाही. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींना मात्र आत्ताच हा शब्द लावू नका. 1920च्या दशकातल्या त्या 207 इमारती, तळमजला अधिक तीन मजले. हवाई चित्रात एकसारख्या आयतांच्या समांतर रांगा म्हणून लगेच सापडतात. त्या एकदम नाही, टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत. तिथे 'पुनर्विकासापूर्वीची वस्ती' लिहा आणि चित्राचे वर्ष त्याच ओळीत द्या.